घरच्या कॉम्प्युटरला डीव्हीडी रायटर घ्यायचाय, आतला की बाहेरचा? जुन्या कीर्तनाच्या सीड्या वाचवायच्यात

पेटीवाली:

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितेय कारण दुकानात विचारलं तर "आता कोण घेतं ताई रायटर" एवढंच उत्तर मिळालं.

मुलाने गेल्या दिवाळीत नवीन कॉम्प्युटर असेंबल करून घेतला, कॅबिनेट काचेचं आहे आणि पुढे सीडीचा ड्राइव्ह बसवायला जागाच नाही. आत्तापर्यंत काही अडलं नव्हतं. पण धायरीला शिफ्ट होताना सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या लोखंडी ट्रंकेतून साधारण १२० सीड्या आणि तीसेक डीव्हीड्या निघाल्या. अण्णा जवळजवळ चाळीस वर्षं कीर्तनाला पेटीची साथ करत होते, सदाशिव पेठेत, आळंदीला, चातुर्मासात तर रोज कुठे ना कुठे असायचेच. त्यातलं बरंचसं कॅसेटवर होतं आणि २००३ ते २०१० च्या दरम्यान कोणी ना कोणी त्यांना ते सीडीवर करून दिलं. काही सीड्यांवर नुसतं "एकादशी, उत्तररंग" एवढंच लिहिलंय, साल नाही, बुवांचं नाव नाही, अण्णांनी ऐकलं तरच कळणार ते कोण आणि कुठलं.

कामं दोन आहेत. एक म्हणजे हे सगळं वाचून कॉम्प्युटरवर घ्यायचं. दुसरं म्हणजे अण्णांबरोबर तबल्याला असायचे ते काका आता ८१ वर्षांचे आहेत आणि अजून दोघं तिघं जुने साथीदार आहेत, त्यांना नवीन सीड्या करून द्यायच्यात. शिवाय आमच्या लग्नाच्या, २००५ च्या तीन व्हीसीड्या आहेत, त्याची एक डीव्हीडी करून वाईच्या आत्यांना द्यायचीय कारण त्यांच्याकडे टीव्हीला डीव्हीडी प्लेयर आहे आणि तो चालू आहे.

तर रायटर कुठला घ्यावा, बाहेरून लावायचा टिकतो का, कोऱ्या सीड्या कुठल्या घ्यायच्या? माळ्यावर जुना कॉम्प्युटर आहे, त्यात पण रायटर आहे पण त्याची केबल पट्ट्यासारखी रुंद आहे, तो नवीन कॉम्प्युटरला लागेल का? बजेट तीन हजारापर्यंत. अण्णांचं वय ८४, त्यामुळे मला हे पुढे ढकलायचं नाहीये.

चिंचवडकर:

ताई, कॅबिनेटला सव्वापाच इंची बे, म्हणजे ड्राइव्ह बसवायचा खण, नसेल तर आतला ड्राइव्ह बसवायचा प्रश्नच मिटला, त्यासाठी कॅबिनेट बदलू नका. बाहेरचा स्लिम यूएसबी रायटर घ्या. एलजी किंवा असुस, दोन्हीपैकी जो मिळेल तो चालेल, बजेटमध्ये आरामात बसतो. त्या दोघांत फरक शोधण्यात वेळ घालवू नका.

आतला आणि बाहेरचा यातला खरा फरक असा की आतला मोठा ड्राइव्ह डीव्हीडी २४एक्सपर्यंत (एक्स म्हणजे मूळ वेगाच्या किती पट) आणि सीडी ४८एक्सपर्यंत करतो, बाहेरचा स्लिम डीव्हीडीला ८एक्स आणि सीडीला २४एक्स. ऐकायला फार वाटतं पण ८एक्सला पूर्ण भरलेली डीव्हीडी आठ-दहा मिनिटांत होते आणि मोठ्या ड्राइव्हला पाच-सहा मिनिटं लागतात, तुम्हाला शंभर डीव्हीड्या रोज काढायच्या नाहीयेत त्यामुळे हा फरक सोडून द्या.

आता जे दुकानात कोणी सांगत नाही ते. स्लिम रायटरला वेगळा अडॅप्टर नसतो, तो यूएसबीमधूनच ५ व्होल्ट घेतो. नुसतं वाचताना कमी करंट लागतो पण लिहायला लागला की लेझरला जास्त लागतो. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९०० देतो. मी पहिल्यांदा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला एक्स्टेन्शन वायर लावून चालवत होतो आणि तिसऱ्या डिस्कला एरर आली, मग चौथ्या, पाचव्या, मला वाटलं रायटर खराब, परत करायला निघालो होतो. मग मागच्या बाजूच्या, म्हणजे मदरबोर्डच्या निळ्या पोर्टला डायरेक्ट लावला आणि तेव्हापासून एकही डिस्क वाया गेलेली नाही. तर पुढचा पोर्ट नको, हब नको, लांब वायर नको, बरोबर आलेलीच वायर वापरा. काही ड्राइव्हना दोन तोंडांची वायर येते, ती आली तर दोन्ही तोंडं लावा.

कोणी सांगेल की आतला मोठा ड्राइव्ह घ्या आणि बाहेरच्या केसमध्ये घाला. होतं तसं, पण मोठ्या ड्राइव्हला १२ व्होल्ट पण लागतात म्हणजे केसबरोबर वेगळा अडॅप्टर आला, आणि सगळं मिळून तुमच्या बजेटच्या वर जाईल.

घेताना दोन गोष्टी बघा. खोक्यावर डीव्हीडी रायटर असंच लिहिलेलं पाहिजे, जुन्या मालात कॉम्बो ड्राइव्ह असतात ते डीव्हीडी फक्त वाचतात आणि लिहितात फक्त सीडी. आणि ट्रे बाहेर येणारा घ्या, फटीतून आत ओढून घेणारा नको. तुमच्या ट्रंकेत हँडीकॅमच्या छोट्या, आठ सेंटीमीटरच्या डिस्क निघाल्या तर त्या फटीवाल्यात अजिबात घालता येत नाहीत, अडकतात.

कर्वेनगर_०७:

एक सुचवू का, सगळं पेन ड्राइव्हवर टाकून द्या ना त्या काकांना. हल्ली पेन ड्राइव्ह लावायचा छोटा स्पीकर मिळतो, सीडी लिहा, ती खराब झाली की परत लिहा हे कशाला. रायटरचे पैसे पण वाचतील.

पेटीवाली:

रायटर वाचायला तर लागणारच ना, १२० सीड्या आहेत. आणि पेन ड्राइव्हचा स्पीकर आम्ही एका काकांना देऊन बघितलाय. बटणं बारीक, एकाच बटणाला दोन कामं, थोडा वेळ दाबलं तर पुढचं गाणं आणि जास्त वेळ दाबलं तर आवाज मोठा, त्यांना ते जमेना आणि दर दोन दिवसांनी मला फोन यायचा. त्यांच्या सीडी प्लेयरला झाकण उघडायचं, सीडी ठेवायची आणि एक मोठं बटण दाबायचं. पंधरा वर्षं हाताला तेच वळण आहे. ऐंशीच्या पुढच्या माणसाने ऐकण्यासाठी नवीन यंत्र शिकावं असं मला वाटत नाही, त्यांना जे येतं त्यात आपण द्यावं.

कर्वेनगर_०७:

पटलं ताई. माझ्या आजोबांचं पण रेडिओच्या बाबतीत असंच होतं.

स्टुडिओवाला:

ताई, मी लक्ष्मी रोडच्या जवळ एका स्टुडिओत १७ वर्षं लग्नाची शूटिंग एडिट करून कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी करून द्यायचं काम केलंय, त्यामुळे डिस्क या विषयावर जरा जास्त लिहीन, चालवून घ्या.

चिंचवडकरांनी रायटरचं बरोबर सांगितलंय. माझं म्हणणं असं की रायटर हा यातला लहान भाग आहे. वीस टक्के रायटर आणि बाकी सगळं कोरी डिस्क कुठली, लिहिली कशी आणि ठेवली कशी यावर असतं. लोक रायटरला दोन हजार देतात आणि डिस्क घेताना सुट्टी, कव्हर नसलेली, आठ-दहा रुपयांवाली घेतात. तिथेच घात होतो.

लिहायच्या सीडीत आणि डीव्हीडीत एक डायचा, म्हणजे रंगद्रव्याचा, थर असतो, लेझर त्यावर खुणा उमटवतो. हा डाय ऊन, उष्णता आणि दमट हवेने उतरत जातो, कोऱ्या डिस्कचा पण. म्हणून दुकानात सात-आठ वर्षं पडून राहिलेली कोरी डिस्क ही नवीन डिस्क नव्हेच. एक काळ होता मोझर बेअरचा माल पुण्यातल्या प्रत्येक स्टुडिओत असायचा, आम्ही ५० ची स्पिंडल, म्हणजे दांडीवर रचलेली डिस्कची चळत, खोक्यांनी आणायचो. नोएडाची ती कंपनी, २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. तेव्हा कुठल्याही कंपनीचा जुना शिल्लक माल कोणी स्वस्तात देत असेल तर तो जपून ठेवायच्या कामाला घेऊ नका. मी आता व्हर्बेटिम घेतो, त्यांची अझो डाय चांगली टिकते असा माझा अनुभव आहे. सीलबंद स्पिंडल घ्या, सुट्टी घेऊ नका.

साथीदारांना द्यायला सीडी-आरच घ्या, सीडी-आरडब्ल्यू नको. आरडब्ल्यूवर पुसून परत लिहिता येतं हे बरोबर पण तिच्यावरून उजेड फार कमी परततो, जुन्या प्लेयरला ती दिसतच नाही, नुसतं "नो डिस्क" येतं आणि मग म्हातारा माणूस समजतो की आपला प्लेयर बिघडला.

आता कीर्तनाबद्दल, कारण मी स्वतः कीर्तनाच्या बऱ्याच सीड्या केल्यात. ऑडिओ सीडीवर ८० मिनिटं बसतात, कीर्तन दोन तासांचं. कुठेही कापू नका. पूर्वरंग एका सीडीवर, मधला गजर संपला की उत्तररंग दुसऱ्या सीडीवर, म्हणजे आख्यान मधेच तुटत नाही. पूर्वरंग लांबला असेल तर अभंगाचं निरूपण जिथे वळण घेतं तिथे बघून कापा, अण्णांना विचारा, ते बरोबर जागा सांगतील. आणि पूर्ण ७० मिनिटांचा एकच ट्रॅक करू नका, सात-आठ मिनिटांचे तुकडे पाडा म्हणजे काकांना झोप लागली तर दुसऱ्या दिवशी तिथून लावता येईल. पण तुकडे पाडल्यावर सॉफ्टवेअरमध्ये डिस्क अ‍ॅट वन्स (म्हणजे सगळी डिस्क एका दमात लिहायची) निवडायचं आणि मधलं अंतर शून्य सेकंद ठेवायचं. ट्रॅक अ‍ॅट वन्सला प्रत्येक दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंद शांतता येते, बुवा चालीत आहेत, तबला लागलाय आणि मधेच गप्प. ज्याने स्वतः तिथे बसून साथ केलीय त्याला ते सहन होत नाही, मला एका तबलजींनी सीडी परत आणून दिली होती त्यासाठी.

एमपीथ्री सीडी केली तर १२८ च्या बिटरेटला एका सीडीत बारा तास बसतात, पण नुसत्या ऑडिओ सीडी प्लेयरवर ती वाजत नाही. आधी प्रत्येकाच्या प्लेयरवर एमपीथ्री लिहिलंय का ते बघून या.

स्पीड. सगळीकडे सांगतात की जितकं हळू लिहाल तितकं चांगलं, हे जुन्या डिस्कचं खरं होतं. आत्ताच्या डिस्कचा डाय जास्त वेगासाठी बनवलेला असतो, त्याला १एक्स-२एक्सला लिहिलं तर उलट वाईट लिहिलं जातं. मी सीडी १६एक्सला आणि डीव्हीडी ८एक्सला लिहितो, तुमच्या स्लिम रायटरला डीव्हीडीची तीच वरची मर्यादा आहे म्हणजे तिथे विचारच नको. लिहून झाल्यावर व्हेरिफाय करायचं, म्हणजे लिहिलेलं परत वाचून मुळाशी ताडून बघायचं, ते कधीही टाळू नका. मी एकदा घाईत व्हेरिफाय न करता मुलीच्या लग्नाची डीव्हीडी एका गृहस्थांना दिली, त्यांनी ती सहा महिन्यांनी पाहुण्यांसमोर लावली, विदाईला येऊन अडकली. तोपर्यंत आमच्याकडची मूळ फाइल पुसली गेली होती. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

वाईच्या आत्यांसाठी डीव्हीडी-आर घ्या, म्हणजे वजावाली. जुने प्लेयर डीव्हीडी प्लस आरला कधी कधी नाकारतात. वजावाला प्रकार पायोनियरने १९९७ मध्ये आणला, प्लसवाला २००२ चा, त्यामुळे त्याआधीच्या प्लेयरना प्लस माहीतच नव्हती. आणि नुसती एमपीफोर फाइल डीव्हीडीवर टाकली तर आत्यांच्या प्लेयरवर काही दिसणार नाही, डीव्हीडी व्हिडिओ बनवावी लागते. डीव्हीडीस्टायलर म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत, निवडायची, एनटीएससी नाही. तीनही व्हीसीड्या मिळून अडीच जीबीच्या आत बसतात, म्हणजे एकाच डीव्हीडीत सगळं लग्न. एक सांगून ठेवतो, व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ चं असतं, डीव्हीडीचं ७२० गुणिले ५७६. डीव्हीडी केली म्हणून चित्र सुधारणार नाही, कोणी सुधारून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. आवाज मात्र ४४.१ चा ४८ किलोहर्ट्झ करावा लागतो, ते सॉफ्टवेअर आपोआप करतं.

लिहिण्यासाठी पाण्याच्या शाईचं, स्पिरिट नसलेलं सीडी मार्कर वापरा. बॉलपेन नको आणि स्टिकर तर अजिबातच नको. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मधे असतो, सीडीत तो वरच्या बाजूला, नावाच्या लगेच खाली असतो आणि त्यावर फक्त पातळ लाखेचा हात असतो. लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि वरून टोकदार पेनाने नाव लिहितात, सीडी तिथेच मरते. खालचा ओरखडा घासून निघू शकतो, वरचा नाही.

पेंग्विनप्रेमी:

स्टुडिओवाल्या काकांनी लिहायचं सगळं सांगितलंय, मी वाचायच्या बाजूचं सांगतो. ताई, माझी विनंती आहे की नवीन सीडी लिहिण्याच्या मागे आत्ता लागूच नका. आधी सगळ्या १५० डिस्क वाचून हार्ड डिस्कवर घ्या. त्यांना २००३ पासून वीस वर्षांच्या वर झालीत आणि त्या ट्रंकेत, म्हणजे उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि पावसाळ्यात दमट होणाऱ्या जागी होत्या.

माळ्यावरचा रायटर फेकू नका. रुंद पट्ट्याची केबल म्हणजे तो आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीचा ड्राइव्ह, ४० पिनचा. नवीन मदरबोर्डवर ते सॉकेट नसतं, पण आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, बरोबर पॉवरचा वेगळा अडॅप्टर येतो कारण त्याला १२ व्होल्ट लागतात. ड्राइव्हच्या मागे छोटा जंपर (पिनांवर बसणारी टोपी) असतो तो मास्टरवर ठेवा नाहीतर कन्व्हर्टरला ड्राइव्ह दिसत नाही. हा लिहायला वापरू नका, पण वाचायला फार कामाचा, कारण एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो, आणि ज्या काळातली डिस्क त्या काळातल्या ड्राइव्हला कधी कधी ती जास्त चांगली कळते. कन्व्हर्टर दुकानात नाही मिळाला तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा, तिथे सुटे भाग बघायला मिळतात.

पद्धत अशी ठेवा. पहिल्या फेरीत सगळ्या डिस्क एकेक घालून वाचा आणि जी अडेल ती लगेच बाहेर काढून बाजूला ठेवा, तिच्याशी झगडत बसू नका. नाहीतर तिसऱ्याच सीडीला दोन दिवस जातात आणि बाकीच्या ११७ राहतात, मी माझ्या वडिलांच्या फोटोंच्या वेळी हेच केलं होतं.

ऑडिओ सीडी असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरा, तो शंका आली की तोच भाग परत परत वाचून ताळा बघतो. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये, ठेवा, एमपीथ्री नंतर कधीही बनवता येईल. डेटा सीडी किंवा डीव्हीडी असेल, म्हणजे आत फाइली दिसत असतील, तर अडलेल्या डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर. त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो काय वाचलं काय राहिलं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो, मग तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच नोंद दिली की फक्त राहिलेले तुकडेच वाचतो. नवीन रायटरने ९७ टक्के वाचलं, जुन्याने उरलेल्यातलं दोन टक्के, असं मिळून एक पूर्ण डिस्क तयार होते. मात्र ऑडिओ सीडीला डीडीरेस्क्यू चालत नाही हे लक्षात ठेवा. व्हीसीडीला पण सरळ चालत नाही, कारण व्हीसीडीत व्हिडिओची जागा वाढवायला चुका दुरुस्त करायचा एक थर काढून टाकलेला असतो, म्हणून तर सीडीत ७०० एमबीऐवजी ८०० एमबीच्या आसपास व्हिडिओ मावायचा आणि म्हणूनच व्हीसीड्या इतक्या अडकायच्या. त्यासाठी आयसोबस्टर हे सॉफ्टवेअर वापरा. हँडीकॅमच्या फायनलाइझ न केलेल्या, म्हणजे शेवटी लिहिणं पूर्ण करून बंद न केलेल्या, डिस्क पण त्यानेच निघतात.

आणि मधल्या भोकाजवळ बारीक तडा दिसला तर ती डिस्क मोठ्या वेगाच्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आत फुटून तुकडे होतात. स्लिम ड्राइव्हमध्ये वेग कमी असतो, तिथे सॉफ्टवेअरमधून ४एक्सपर्यंत खाली आणून वाचा.

एम-डिस्कचा पण विचार करा. दगडासारखा, सेंद्रिय डाय नसलेला थर असतो, लिहायला रायटरवर एम-डिस्कचं चिन्ह पाहिजे, वाचायला कुठलाही डीव्हीडी ड्राइव्ह चालतो. महाग आहे म्हणून सगळं नको, अण्णांनी निवडलेली चार-पाच कीर्तनं तेवढी. कंपनी हजार वर्षांचा दावा करते, मी त्यावर विसंबत नाही, हार्ड डिस्कवर दुसरी प्रत आणि तिसरी प्रत वेगळ्या घरात ठेवतोच.

चिंचवडकर:

एम-डिस्कचं चिन्ह बहुतेक एलजीच्या आणि असुसच्या स्लिमवर असतं, खोक्यावर बघून घ्या. आणि स्लिमची एक सवय लावून घ्या, डिस्क मधल्या बोंडावर दाबून बसवावी लागते, दाबताना ट्रेला खालून दुसऱ्या हाताचा आधार द्या. लेझरची भिंग त्या ट्रेबरोबरच बाहेर येते, म्हणजे ट्रे उघडा ठेवला की सिंहगड रोडची सगळी धूळ भिंगावर. काम झालं की लगेच बंद.

पेटीवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय कारण तोपर्यंत रोज रात्री हेच चालू होतं.

तपकीर गल्लीत तीन दुकानं फिरले, तिसऱ्या दुकानात एम-डिस्कचं चिन्ह असलेला ट्रेवाला स्लिम रायटर मिळाला, तिथेच सीलबंद सीडी-आर पण मिळाल्या. कन्व्हर्टर मुलाने ऑनलाइन मागवला. मागच्या निळ्या पोर्टला लावला, एकदाही अडला नाही.

१२० सीड्यांपैकी पहिल्या फेरीत ९८ सरळ वाचल्या गेल्या. उरलेल्या २२ पैकी १४ एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने, काही तर एकेक सीडीला पाच पाच तास घेऊन, पण आल्या. मग माळ्यावरचा रायटर खाली आणला, धूळ काढली, जंपर मास्टरवर होताच, आणि त्याने अजून पाच वाचल्या. पेंग्विनप्रेमी, त्यातली एक तर नवीन रायटर डिस्क आहे असंही मानत नव्हता आणि जुन्याने पहिल्या झटक्यात उघडली. डीव्हीड्या दोन सोडून सगळ्या आल्या. त्या दोन डीव्हीड्यांवर मुलगा डीडीरेस्क्यू चालवतोय.

रोज संध्याकाळी अण्णांना ऐकवते आणि ते सांगतात तसं मी वहीत लिहिते, कुठलं देऊळ, कुठले बुवा, तबल्याला कोण. पेटी ऐकून सांगतात, ही माझी जुनी पेटी, ही नवीन, म्हणजे हे कीर्तन अमुक सालानंतरचं. स्टुडिओवाले काका, कापायची जागा त्यांनाच विचारली. पहिल्याच कीर्तनाला म्हणाले गजर पूर्ण होऊ दे, शेवटचा ठेका पडू दे, मग काप. तबल्याच्या काकांना दोन सीड्या दिल्या, शून्य सेकंद अंतर ठेवून, त्यांनी ऐकून फोन केला आणि फोनवर काही बोललेच नाहीत बराच वेळ.

आता राहिल्यात तीन सीड्या. दोन अगदीच फुटकळ आहेत, त्याचं फारसं वाटत नाही. पण तिसरी २००६ च्या गोपाळकाल्याची आहे, काल्याचं कीर्तन, आणि अण्णा सारखी तीच विचारतायत. तिच्यावर कागदी स्टिकर होता, तो एका कोपऱ्यात सुटलेला होता, मी काढायला गेले तर त्याच्याबरोबर चंदेरी पापुद्रा निघाला, बोटाच्या पेराएवढा. दोन्ही ड्राइव्हवर सुरुवातीची ५२ मिनिटं येतात आणि पुढे काहीच नाही. पॉलिश वगैरे करून काही होईल का?

स्टुडिओवाला:

ताई, सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. पापुद्रा गेलाय तिथून उजेड आरपार दिसेल. तो पापुद्रा म्हणजेच माहितीचा थर होता, तो स्टिकरला चिकटून गेला, खालची बाजू कितीही पॉलिश केली तरी तो परत येत नाही. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. सीडी आतून बाहेर लिहिली जाते म्हणून सुरुवातीची ५२ मिनिटं वाचली, पापुद्रा बाहेरच्या कडेकडून गेला असणार. जे आलंय ते सांभाळा आणि यापुढे बाकीच्या सीड्यांवरच्या एकाही स्टिकरला हात लावू नका, सुटलेला असला तरी तसाच राहू द्या.

स्टिकर तुम्ही काढला याचं मनाला लावून घेऊ नका, तो सुटत होता म्हणजे थर पण आज ना उद्या त्याच्याबरोबर उचकटलाच असता.

एक विचारतो. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की हे मुळात कॅसेटवर होतं. २००६ ची ती कॅसेट कुठे आहे?

पेटीवाली:

काका, कॅसेटच्या दोन पिशव्या वाईला आत्यांकडे आहेत, अण्णांनी २०१० नंतर सगळ्या तिकडेच ठेवल्या होत्या. आत्ताच फोन केला. आत्या म्हणाल्या वरच्या खोलीत कपाटात आहेत, गोपाळकाला लिहिलेली एक दिसतेय पण साल पुसट झालंय. रविवारी लग्नाची डीव्हीडी द्यायला जातोच आहोत. आत्यांकडे टेपरेकॉर्डर पण आहे, तिथेच लावून बघू का?

स्टुडिओवाला:

तिथे लावू नका. इतकी वर्षं न वाजवलेली कॅसेट आणि हेड साफ न केलेला टेप, पट्टी गुंडाळली गेली तर हेही जाईल. पिशवीसकट घेऊन या, गाडीत काचेजवळ उन्हात ठेवू नका, स्पीकरजवळ पण नको. घरी आणल्यावर एक दिवस तशीच राहू द्या, मग पेन्सिल घालून हाताने थोडी फिरवून बघा, पट्टी मोकळी फिरते का, थर एकमेकांना चिकटलेत का. मोकळी असेल तर चांगल्या डेकवर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून मगच प्ले करायची, आणि पहिल्यांदा प्ले करतानाच कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, कारण कधी कधी तेवढी एकच संधी मिळते. माझ्याकडे डेक आहे, हेड मी दर आठवड्याला साफ करतो. रविवारी वाईहून आलात की मेसेज करा, सोमवारी संध्याकाळी अण्णांना पण घेऊन या.